स्वतंत्र बॉबिन वाइंडर: शिवणारे आणि गोधडी करणारे नेहमी विचारतात ते प्रश्न

मशीनवर गोधडी शिवताना खालचा दोरा संपतो तो नेमका रांगेच्या मध्यावर. चार थरांचं ओझं मशीनच्या हाताखाली दाबून बसवलेलं असतं, ते बाहेर काढायचं, वरचा दोरा काढायचा, बॉबिन (खालच्या दोऱ्याचं चपटं छोटं रीळ) भरायची, पुन्हा सगळं ओवायचं. म्हणून बरेच जण वेगळ्या वाइंडरबद्दल, म्हणजे बॉबिन भरायच्या यंत्राबद्दल, विचारतात. खाली त्याच प्रश्नांची उत्तरं आहेत. टाका चांगला येण्याचं निम्मं काम बॉबिन भरताना होतं असं माझं ठाम मत आहे, त्यामुळे यंत्रापेक्षा भरण्याच्या पद्धतीवरच जास्त लिहिलं आहे.

मशीनला वाइंडर असतोच. मग वेगळा कशाला?

मशीनवरचा वाइंडर मशीनच्याच मोटारीवर किंवा चाकावर चालतो. म्हणजे बॉबिन भरायची तर शिवण थांबवावं लागतं. नव्या घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा सुईत ओवलेला दोराही काढावा लागतो, कारण रीळ ठेवायची दांडी एकच असते. काळ्या पायमशीनवर हातचाकाच्या मधली गोल चकती सैल करून सुई थांबवायची आणि भरून झालं की ती परत आवळायची. आवळायला विसरलं की चाक फिरतं, सुई हलत नाही.

स्वतंत्र वाइंडर म्हणजे छोटी मोटार, बॉबिन बसवायची दांडी, रिळाची दांडी आणि दोऱ्याला ताण देणारी चकती, एवढंच. तो टेबलावर बाजूला राहतो आणि मशीनला हात लावावा लागत नाही. कल्पना नवी मुळीच नाही. कारखान्यात आणि टेलरच्या दुकानात टेबलाला स्क्रूने बसवलेला वाइंडर असतो, तो मोटारीच्या पट्ट्याला टेकून फिरतो. कारागीर एक बॉबिन शिवत असतो तेव्हा शेजारी दुसरी भरत असते. मोटार थेट मशीनच्या डोक्यातच बसवलेल्या नव्या मशीनना पट्टा नसतो, म्हणून त्यांचा वाइंडर वरच्या बाजूला आला. घरगुती कामासाठी मिळणारी छोटी यंत्रं याच सोयीची घरगुती आवृत्ती आहेत.

मला तो खरंच लागेल का?

महिन्यातून दोन ब्लाउज आणि एखादा पडदा शिवत असाल तर नाही. पायमशीन असेल आणि वाइंडर नीट फिरत नसेल तर आधी त्याच्या रबराची रिंग बदला. ती झिजली किंवा कडक झाली की चाकावर घसरते आणि बॉबिन ढिली भरते. नवी रिंग शिवणसाहित्याच्या कुठल्याही दुकानात अगदी स्वस्तात मिळते, आणि पुष्कळांची वेगळ्या वाइंडरची गरज तिथेच संपते.

रंग सारखे बदलणाऱ्यांना मात्र तो खरोखर उपयोगी आहे. फॉल-पिको करणाऱ्या बाईंकडे दिवसात पंधरा साड्या आल्या तर पंधरा रंग लागतात. मशीनमध्ये राणी रंग ओवलेला असताना शेजारी मोरपंखी भरून ठेवता आला तर दिवसाचा बराच वेळ वाचतो. मशीनवर भरतकाम करणाऱ्यांचं तसंच: नक्षीच्या मध्यात खालचा दोरा संपला आणि भरण्यासाठी मशीनला हात लावावा लागला तर कापड सरकण्याची भीती असते. आणि मोठ्या गोधड्या किंवा क्विल्ट मशीनवर टिपणारे. या तिघांपैकी तुम्ही असाल तर घ्या.

हातानं धावदोरा घालून गोधडी शिवणाऱ्यांना बॉबिनचा काही संबंधच नाही. पण हल्ली बऱ्याच घरी जुन्या साड्यांचे थर मशीनवर टिपतात आणि काठ तेवढा हातानं करतात, त्यांच्यासाठी पुढचं सगळं लागू आहे.

माझ्या मशीनची बॉबिन त्यात बसेल का?

विकत घेण्याआधी हाच प्रश्न विचारायला हवा, आणि दुकानात जाताना आपली बॉबिन पर्समध्ये टाकूनच जा.

आपल्याकडच्या घरगुती मशीनमध्ये, जुन्या काळ्या असोत की नव्या पांढऱ्या, बहुतेक करून 15 क्लास म्हणतात ती बॉबिन असते. तिचा व्यास सुमारे 20 मिलिमीटर आणि उंची साडेअकरा-बारा मिलिमीटर. कारखान्याच्या एका सुईच्या मशीनची बॉबिन वरून पाहिली तर जवळजवळ तेवढीच, सुमारे 21 मिलिमीटर, पण उंचीला फक्त 9 मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी आडव्या ठेवा, फरक लगेच दिसेल. वाइंडरवर दोन्ही भरल्या जातील, कारण मधलं भोक सारखंच असतं. घोटाळा होतो तो नंतर. चुकीची बॉबिन केसमध्ये (मशीनमधल्या बॉबिन बसवायच्या डबीत) हलते किंवा अडकते, आणि मग कापडाखाली दोऱ्यांचं जाळं होतं.

क्विल्टिंगच्या मोठ्या, लांब हाताच्या मशीनमध्ये बऱ्याचदा एम प्रकारची बॉबिन असते. ती व्यासाला चांगली मोठी असते, आणि लहान वाइंडरची दोरा थांबवणारी पट्टी तिला आड येऊ शकते. पाकिटावर एम लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

बॉबिन दांडीवर बसवल्यावर बोटानं फिरवून पाहा. दांडी फिरते आणि बॉबिन जागीच राहते असं झालं तर पकड बसलेली नाही. काही वाइंडरमध्ये दांडीला बारीक स्प्रिंग असते, काहींत बॉबिनच्या खाचेत अडकणारा खिळा असतो. बिनखाचेची बॉबिन खिळ्याच्या वाइंडरवर फिरत नाही.

आजीच्या मशीनला लांब नळीसारखी बॉबिन आहे. तिचं काय?

ती होडीच्या आकाराच्या शटलमध्ये, म्हणजे बॉबिन धरून पुढे-मागे सरकणाऱ्या खोळीत, बसते. आजचे वाइंडर तिच्यासाठी बनलेले नाहीत. त्या मशीनवरच्या वाइंडरकडे नीट लक्ष देऊन पाहा: त्यात बदामाच्या आकाराची एक चकती असते, ती फिरते तसा दोऱ्याचा दांडा डावी-उजवीकडे सरकतो आणि दोरा नळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा पसरतो. शंभर वर्षांपूर्वीची ही रचना अजून उत्तम चालते. चकतीला तेलाचा एक थेंब द्या आणि त्यावरच भरा.

बॉबिन नीट भरायची पद्धत सांगा.

रीळ दांडीवर ठेवा. दोरा ताणाच्या चकतीत घाला, आणि तो दोन पत्र्यांच्या मध्ये खोलवर गेला पाहिजे. दोन्ही हातांनी दोरा धरून हलका झटका द्या, आत बसल्याचं बोटांना कळतं. वाइंडर बिघडला म्हणून दाखवायला आणलेल्या बऱ्याच बॉबिनच्या बाबतीत दोष इथेच असतो. दोरा पत्र्यांच्या मध्ये न जाता नुसता कडेवरून गेलेला असतो, म्हणून बॉबिन मऊ भरते.

मग दोऱ्याचं टोक बॉबिनच्या वरच्या चकतीतल्या बारीक भोकातून आतून बाहेर काढा. बॉबिन दांडीवर बसवा, टोक वर सरळ धरून ठेवा आणि वाइंडर सुरू करा. पाच-सहा फेरे झाले की थांबा आणि ते टोक चकतीला लागून कापा. हे टोक लोंबतं राहिलं तर शिवताना केसमध्ये गुंतून खालचा ताण मधेमधे वाढतो. टाके एका ठिकाणी घट्ट, पुढे सैल असं दिसतं आणि कारण सापडत नाही.

पुन्हा सुरू केल्यावर वेग मध्यम ठेवा. वाइंडरला वेगाचं बटण नसेल तर रीळ ओढ न देता सुटतंय ना एवढं पाहा. बोटांनी दोरा दाबून जास्तीचा ताण देऊ नका, हाताचा दाब फेऱ्याफेऱ्याला बदलतो. ते काम चकतीचं आहे, तिलाच करू द्या.

भरलेली बॉबिन अंगठ्यानं दाबून पाहा. दोरा दबला नाही पाहिजे. फेरे एकमेकांशेजारी सपाट बसलेले दिसायला हवेत. नख लावून दोरा बाजूला सरकत असेल तर सगळा उलगडून परत भरा. अशा बॉबिननं शिवत राहिलात तर एका गोधडीत चार वेळा उसवावं लागेल, त्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम परवडतं.

दोरा एकाच बाजूला का साचतो?

दोरा ज्या उंचीवरून बॉबिनकडे येतो त्या उंचीवर तो साचतो. वर ढीग होत असेल तर दोऱ्याची कडी थोडी खाली करा, खाली होत असेल तर वर. काही वाइंडरला ताणाच्या चकतीचा स्क्रू सैल करून ती वर-खाली करता येते. सोय नसेल तर रिळाची जागा बदलून पाहा. टेबल कललेलं असलं तरीही हे होतं.

पॉलिस्टरनं शिवलेल्या टिपांना दुसऱ्या दिवशी चुण्या का पडतात?

पॉलिस्टरचा दोरा ताणला की लांबतो आणि मोकळा झाला की परत आखडतो. वाइंडर पूर्ण वेगात आणि ताण जास्त असेल तर दोरा ताणलेल्या अवस्थेतच बॉबिनवर गुंडाळला जातो. शिवताना तो तसाच कापडात जातो. मग कापड रात्रभर घडीत राहतं, दोरा हळूहळू आपल्या मूळ लांबीवर येतो आणि कापड बरोबर ओढून घेतो. पातळ मलमल, जुनी मऊ साडी, शिफॉन यांवर हे फार चटकन दिसतं. इस्त्रीनं ती चुणी जात नाही, कारण ती कापडात नसते, दोऱ्यात असते.

त्याच कारणानं प्लास्टिकची बॉबिन फुगते. आखडणारा दोरा मधली नळी आवळतो आणि दोन्ही चकत्या बाहेर ढकलतो. अशी बॉबिन केसमध्ये घासत फिरते किंवा अडकते. कधी तडाही जातो. भरलेली बॉबिन सपाट काचेवर ठेवून डोळ्यांच्या रेषेत पाहा. कडा उंचावलेली दिसली तर ती वापरू नका.

उपाय साधा: पॉलिस्टर हळू भरा, ताण कमी ठेवा, काठापर्यंत भरू नका. पारदर्शक नायलॉन दोरा असेल तर आणखी हळू, आणि बॉबिन निम्मीच. सुती दोऱ्याला इतकं जपावं लागत नाही, मात्र त्याची लव फार पडते, म्हणून ताणाची चकती मधूनमधून पुसावी लागते.

बॉबिन किती भरायची?

काठाच्या थोडी आत. चकतीच्या कडेपासून एखादा मिलिमीटर रिकामा राहिला पाहिजे. जास्त भरली की दोरा केसला घासतो आणि सुरुवातीचे टाके घट्ट येतात. बहुतेक वाइंडरला आपोआप थांबवणारी पट्टी असते, तिचा स्क्रू थोडा फिरवून हवं तिथे थांबवता येतं. पट्टीवर पूर्ण भरवसा ठेवून उठून जाऊ नका.

एका गोधडीला किती बॉबिन लागतील?

हे आधी काढता येतं, आणि काढावंच. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा थरांच्या मध्ये एकमेकांत अडकतात. प्रत्येक दोरा टाक्याची लांबी चालतो आणि दोन्ही बाजूंनी निम्मी जाडी आत उतरतो. म्हणजे एका टाक्याला लागणारा खालचा दोरा साधारण टाक्याची लांबी अधिक दाबलेल्या थरांची जाडी. टाका 3 मिलिमीटरचा आणि दाबलेली जाडी दीड मिलिमीटर असेल तर 3 मिलिमीटर टिपेला साडेचार मिलिमीटर दोरा, म्हणजे दीडपट. ब्लाउजसारख्या पातळ कामाला याहून कमी लागतो, कापूस भरलेल्या जाड गोधडीला जास्त.

आता 90 बाय 60 इंचांची गोधडी धरा. लांबीच्या दिशेनं दर 2 इंचांवर टीप घातली तर काठ सोडून 29 टिपा होतात, एकूण 2610 इंच, म्हणजे सुमारे 66 मीटर. त्याच्या दीडपट साधारण 100 मीटर. नेहमीच्या 40 नंबर दुपदरी पॉलिस्टरचा दोरा 15 क्लासच्या बॉबिनवर 50 मीटरच्या आसपास बसतो, म्हणजे दोन बॉबिन कशाबशा पुरतील. तीन भरा. दर इंचाला टीप हवी असेल तर 59 टिपा होतात, 135 मीटरच्या आसपास. दोरा 200 मीटर लागतो आणि चार बॉबिन कमीच पडतात, पाच-सहा भरून ठेवाव्या. आडव्या-उभ्या चौकडीला याच्या जवळजवळ दुप्पट लागतं, कारण आडव्या टिपा आखूड असल्या तरी संख्येनं वाढतात.

एवढा हिशेब झाला की वाइंडरचा खरा फायदा समोर येतो. सगळ्या बॉबिन एका बैठकीत, एकाच रिळातून, एकाच वेगानं भरता येतात. खालचा ताण गोधडीभर सारखा राहतो. घाईघाईत मधेच भरलेली बॉबिन आणि निवांत भरलेली बॉबिन यांच्या टिपा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक डोळ्यांनी दिसतो.

मोठा कोन वापरता येतो का?

येतो, पण कोन वाइंडरच्या दांडीवर बसवू नका. कोनावरचा दोरा तिरपा गुंडाळलेला असतो आणि तो वरच्या टोकावरून सुटायला हवा. कोन खाली ठेवा, त्याच्या बरोबर वर कडी असलेला उभा स्टँड घ्या, दोरा आधी सरळ वर जाऊ द्या, मग वाइंडरकडे आणा. लहान रिळावर दोरा आडव्या सरळ थरांत असेल तर रीळ फिरून बाजूनं दोरा सुटला पाहिजे. हे उलटं केलं तर दोऱ्याला पीळ पडतो आणि बॉबिनमध्ये बारीक गाठी येतात.

वाइंडर मशीनपेक्षा उलट दिशेनं फिरतो. चालेल का?

चालेल. बहुतेक बॉबिन दोन्ही बाजूंनी सारख्या असतात, केसमध्ये घालताना उलटी करून घाला. दोरा कुठल्या दिशेनं सुटायला हवा ते मशीनच्या पुस्तिकेतल्या चित्रात असतं. ज्यांची एकच बाजू वर ठेवायची असते, उदाहरणार्थ दोरा संपत आल्याची सूचना देणाऱ्या मशीनच्या खास खाचांच्या बॉबिन, त्या उलट्या करता येत नाहीत. त्या मशीनवरच भराव्या.

टाका खराब येतोय. दोष बॉबिनचा की मशीनचा?

आधी केसमधून बॉबिन काढा आणि नव्यानं, हळू भरलेली दुसरी घालून त्याच कापडाच्या तुकड्यावर शिवून पाहा. सुधारला तर बॉबिन दोषी. नाही सुधारला तर मशीनमध्ये समोरून किंवा बाजूनं काढता येणारी धातूची केस असेल तर बॉबिन घालून दोऱ्यानं ती लोंबकळत धरा. केस स्वतःहून खाली घसरू नये. हाताला हलका झटका दिला की दोन-तीन इंच उतरून थांबावी. सरसर खाली आली तर केसचा स्क्रू फार सैल आहे, हललीच नाही तर फार घट्ट. स्क्रू घड्याळाच्या एका अंकाएवढाच फिरवा आणि परत पाहा.

आणि एक गोष्ट हमखास निघते: कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्यांचं जाळं दिसलं की सगळे बॉबिनला दोष देतात, पण ते बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकतीत न बसल्यामुळे होतं. दाबाचा पाय वर असताना ओवा. पाय खाली असला तर वरच्या ताणाचे पत्रे मिटलेले असतात आणि दोरा आत जात नाही.

प्लास्टिकची बॉबिन घ्यावी की धातूची?

मशीनबरोबर आली तीच. वजन बदललं की फिरण्याचा वेग आणि ताण बदलतो, त्यामुळे एकाच कामात दोन्ही मिसळू नका. कारखान्याच्या मशीनला हलकी ॲल्युमिनियमची बॉबिन वापरतात, कारण मशीन एकदम थांबल्यावर जड बॉबिन आपल्याच वेगानं फिरत राहते आणि दोरा सैल पडतो. धातूच्या बॉबिनच्या कडेवरून बोट फिरवा, कुठे टोचलं तर ती टाकून द्या.

अमेरिकेतून भावानं वाइंडर पाठवलाय. इथे चालेल?

आधी प्लगच्या अडॅप्टरवरचं बारीक लिखाण वाचा. 100–240 व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिनचा जोड लागेल. 110 किंवा 120 व्होल्ट एवढंच लिहिलं असेल तर आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालू नका, तो जळेल. बरेचसे छोटे वाइंडर सेलवरही चालतात, तो सोपा मार्ग आहे. सेल उतरत आले की मोटार अडखळते आणि बॉबिन मऊ भरायला लागते, हे मात्र लक्षात ठेवा. तुम्ही स्वतः अमेरिकेत राहत असाल आणि इथून मशीन घेऊन गेला असाल तर तोच प्रश्न उलटा पडतो.

ड्रिल मशीनला लावून भरली तर?

लोक करतात. मी सुचवणार नाही. वेगावर ताबा राहत नाही, ताणाची चकती नसते, दोरा हातातून जातो आणि बोट कापतं. पॉलिस्टरचं काय होतं ते वर आलंच आहे.

आधीचा थोडा दोरा शिल्लक असेल तर त्यावरच नवा भरावा का?

नाही. आतला फेरा ढिला असतो, त्यावरचे फेरे घसरतात आणि दोन दोरे एकमेकांत रुततात. शिल्लक दोरा काढून कच्च्या शिवणीला ठेवा.

वाइंडरची निगा काय?

दांडीखाली दोऱ्याचे तंतू गुंडाळले जातात, ते चिमट्यानं काढा. ताणाच्या पत्र्यांमधून जाड सुती कापडाची कडा ओढून घ्या, लव निघून येते. पट्ट्यावर चालणाऱ्या वाइंडरच्या रबराला तेल लागू देऊ नका, रबर फुगतं आणि घसरतं. तेल फक्त धातूच्या दांडीला, तेही एक थेंब.

कारखान्याच्या मशीनवर नुसती बॉबिन भरत असाल, शिवत नसाल, तर दाबाचा पाय वर करा आणि खालची बॉबिन काढून ठेवा. कापडाशिवाय मशीन धावली की पायाखालचे दाते घासले जातात आणि शटलमध्ये दोरा अडकतो.

भरलेल्या बॉबिन कशा ठेवायच्या?

दोऱ्याचं टोक चकतीच्या खाचेत अडकवा, खाच नसेल तर त्यावर रबराची रुंद रिंग चढवा. रिळावरच बॉबिन जोडून ठेवली तर रंग शोधावा लागत नाही. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात सुती दोरा ओलावा धरतो, लोखंडी बॉबिनला गंज लागला की त्याचा डाग थेट कापडावर येतो. तिथे डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि भरलेल्या बॉबिन काही आठवड्यांत वापरून टाका.

कुठे मिळेल?

ऑनलाइन तर मिळतोच. पण हातात घेऊन, आपली बॉबिन बसवून पाहायची असेल तर पुण्यात रविवार पेठेत आणि मुंबईत भुलेश्वरला शिवणसाहित्याच्या दुकानांत विचारा. टेबलाला बसवायचा पट्ट्यावर चालणारा वाइंडर हवा असेल तर तो कारखान्याच्या मशीनचे सुटे भाग विकणाऱ्याकडे मिळेल. दुकानदाराला तिथेच एक बॉबिन भरून दाखवायला सांगा, आणि अंगठ्यानं दाबून पाहा.